हुद्दा आणि हक्काची जागा : नोकरदार बाबासाहेबांचे चरित्र

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगावे, अशी परिस्थिती नाही. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधान आणि दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या वसतिगृहातील लहान विद्यार्थीही क्रमाने सांगतो. तथापि, या विराट चरित्राची एक बाजू तुलनेने कमी बोलली जाते. बाबासाहेब हे आयुष्यातील अनेक वर्षे नोकरदार होते. त्यांनी संस्थानच्या कचेरीत काम केले, महाविद्यालयात शिकविले, उच्च न्यायालयात वकिली केली आणि केंद्र सरकारात खाती सांभाळली. कामाच्या प्रत्येक ठिकाणी त्यांना जातीचा अनुभव आला आणि त्या प्रत्येक अनुभवाचा त्यांनी पुढे सार्वजनिक प्रश्न केला.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज रेल्वेत, बँकांत, रुग्णालयांत, शासकीय कार्यालयांत, तसेच मिहान आणि पुण्याच्या खासगी कंपन्यांत कार्यरत आहेत. पहिल्याच दिवशी सहजपणे विचारले जाणारे पूर्ण नाव, त्यानंतरचा क्षणभराचा अबोला आणि पुढे वर्षानुवर्षे डब्याच्या वेळी आपोआप तयार होणारी वेगवेगळी टेबले यांची ओळख त्यांच्यापैकी अनेकांना आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी बाबासाहेबांच्या जीवनाचा हा भाग येथे मांडत आहे.

लष्करी घराचा वारसा

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावर उभे राहण्याची मुभा नव्हती, त्या समाजातील माणसाला लष्कराने गणवेश, पगार, शिक्षण आणि हुद्दा दिला होता. परंतु बाबासाहेबांच्या बालपणीच महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली. लढाईत कमी पडल्यामुळे हे घडले नव्हते. कोणत्या जाती लढवय्या आणि कोणत्या नाहीत, याविषयीचे सरकारचे धोरण बदलले होते. पिढ्यान्पिढ्यांची सेवा असूनही एका आदेशाने दार बंद होऊ शकते, हे त्या काळच्या प्रत्येक महार कुटुंबाने अनुभवले.

शाळेत भीमरावांना बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसला तर पाणी नाही. पाण्याचा हा अनुभव शाळेपुरता राहिला नाही. पदव्या मिळाल्यानंतरही तो त्यांच्या मागे आला.

बडोदे : पद मिळाले, छप्पर मिळाले नाही

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. पुढे लंडनमध्ये शिक्षण सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. त्या वेळी त्या कचेरीत त्यांच्याइतके शिकलेले लोक किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मात्र त्यांना राहण्यासाठी शहरात घर मिळेना. हिंदू वसतिगृहात प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला. कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद देण्याऐवजी लांबून टेबलावर फेकत. पिण्याचे पाणी त्यांना कचेरीत मिळत नसे. हे शिपाई हुद्द्याने त्यांच्यापेक्षा फार खाली होते. तरीही जातीच्या उतरंडीत ते स्वतःला त्यांच्या वर समजत आणि कचेरीचा कोणताही नियम त्यांना रोखत नव्हता.

अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी विश्रामगृहात आले आणि त्यांनी जागा तत्काळ सोडण्यास बजावले. आठवडाभराची मुदतही नाकारली गेली, संध्याकाळपर्यंतच वेळ मिळाला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मग बडोद्याच्या सार्वजनिक बागेत तासन्तास बसून राहिल्यावर त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. महाराजांची सदिच्छा, करार आणि कोलंबियाची पदवी ही सर्व असूनही दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या प्रसंगातील एक बाब विशेष महत्त्वाची वाटते. सयाजीराव हे आपल्या काळातील अत्यंत पुरोगामी राज्यकर्ते होते आणि नेमणूक त्यांच्या इच्छेनेच झाली होती. परंतु नेमणूक करणाऱ्याचे मन मोठे असणे पुरेसे ठरले नाही. नेमलेल्या माणसाला रोज कोणासोबत काम करावे लागेल, त्याने पाणी कुठे प्यावे, राहावे कुठे, याची व्यवस्था कोणीच केली नव्हती.

माठ, वकिली आणि अध्यापन

मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांना इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसत, इतकी त्यांची ख्याती पसरली. त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीतील सामायिक माठातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थ्यांनी त्यांची विद्वत्ता स्वीकारली होती, काही सहकाऱ्यांना मात्र त्यांचा पेला चालत नव्हता.

१९२० मध्ये प्राध्यापकी सोडून ते उर्वरित शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले. त्यापूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेत त्यांनी भाग घेतला होता. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. तेथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे येत नसत. सॉलिसिटर ज्याच्याकडे काम पाठवील त्याला काम मिळे, आणि सॉलिसिटर मंडळी या बॅरिस्टरकडे फिरकत नसत. प्रवेशबंदीचा कुठलाही फलक नसताना एखाद्याला बाहेर ठेवता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय. संसार चालविण्यासाठी त्यांनी जून १९२५ पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. ज्या माणसाला व्यवसायाने दूर ठेवले, तोच १ जून १९३५ रोजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला.

गिरणीतील धागा

येथवरची कथा एका व्यक्तीच्या अवहेलनेची आहे. बाबासाहेबांचे मोठेपण असे की, ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात सदस्य म्हणून बसल्यावर त्यांनी गावातील सर्वांत जुन्या नोकरीकडे, म्हणजे महार वतनाकडे, लक्ष वळविले. या नोकरीस ठरलेली वेळ नव्हती, ठरलेला पगार नव्हता आणि घरातील कर्ता गैरहजर असल्यास कुटुंबातील दुसऱ्या कोणास तरी राबावे लागे. मार्च १९२८ मध्ये त्यांनी या पद्धतीत सुधारणा करणारे विधेयक मांडले. त्याच वर्षी जुलैमध्ये गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात आर्थिक साहाय्य देणाऱ्या विधेयकाचा त्यांनी जोरदार पुरस्कार केला.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रचंड संप झाला. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. याचे कारण दिले जाई ते असे : धोट्यातील कांडी बदलताना नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्या तोंडी लागणार, म्हणून विटाळ. परिणामी अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून पडे. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, कामगारांच्या ऐक्याची भाषा करावयाची असेल तर ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत समाविष्ट झाली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती अनिच्छेने स्वीकारली. गिरणीमालकांनी मात्र हा अन्याय आपण केलेला नाही, कामगारांनीच केला आहे, असे उत्तर दिले. त्या उत्तरात तथ्य होते आणि म्हणूनच ते अधिक बोचरे होते.

नागपूरच्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. एम्प्रेस मिल १८७७ साली येथे सुरू झाली आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचे आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर चालले. कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केले. याच नागपुरात रेल्वे स्थानकावर हमाली करून शिकलेल्या जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, तेव्हा अस्पृश्य बाईने मुलांना शिकवू नये म्हणून पालकांनी ओरड केली आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आपल्यासारख्या शाळांची परंपरा अशा बहिष्कृत शिक्षिकांपासून सुरू होते, याचे स्मरण शाळेच्या स्मरणिकेत तरी असावे.

मनमाडचा इशारा

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तेथे त्यांनी रेल्वेतील भेदभावाचा जो तपशील मांडला तो आजही मुळातून वाचण्यासारखा आहे. रेल्वेमार्गावर ऊन-पावसात राबणाऱ्या गँगमध्ये अस्पृश्य भरपूर, परंतु स्थानकावर पोर्टर म्हणून त्यांची नेमणूक होत नसे. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून आपल्या घरातील कामे करून घेई आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नसे. रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मजूर म्हणून लागे आणि मजूर म्हणूनच निवृत्त होई. त्याला कारागिराच्या जागेवर बढती मिळत नसे.

ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, अशी मांडणी त्यांनी याच परिषदेत केली. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही वर्गात असू शकते, असा खुलासाही त्यांनी केला. कामगार चळवळ केवळ मजुरीच्या दराचा विचार करील आणि कामगारांमधील भेद झाकून ठेवील, तर ती अर्धवट राहील, हा त्यांचा इशारा होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी इतर कामगार पुढाऱ्यांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. ज्यांच्याशी दहा वर्षांपूर्वी वाद झाला होता, त्यांच्याच बरोबर ते उभे राहिले.

नागपूरहून दिल्लीस

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांची निवड झाली. त्याच महिन्यात १८ आणि १९ तारखांस नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय येथेच झाला. २० जुलै रोजी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. या परिषदेतील स्त्रियांनी गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतील कष्टकरी बायांसाठी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले. जेथे स्त्रिया काम करतात तेथे देखरेखीसाठीही स्त्रियाच असाव्यात, अशी मागणीही त्यांनी केली. कामाच्या ठिकाणची स्त्रीची सुरक्षितता हा विषय आज नवा समजला जातो. नागपूरच्या भूमीवर आपल्या आज्यांनी तो १९४२ सालीच ठरावात मांडला होता.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. त्यांच्या कार्यकाळात पगारी सुट्टीची तरतूद झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ साली झाला. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली. युद्धकाळात खाणीत स्त्रियांना भूमिगत काम करण्यावरील बंदी तात्पुरती उठविण्यात आली, त्याबद्दल सरकारवर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. परंतु तेथे स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली पाहिजे, ही अट घालण्यात आली होती आणि समान कामास समान दाम या तत्त्वाचा पुरस्कार बाबासाहेबांनी विधिमंडळात ठामपणे केला. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

याच काळात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. सरकारी नोकऱ्यांत या समाजाचे अस्तित्व जवळजवळ शून्य आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. त्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरभरतीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. सोबत वयोमर्यादेत व परीक्षा शुल्कात सवलत मिळाली. १९४६ साली हे प्रमाण १२.५ टक्के झाले. बडोद्यात राजाची मर्जी होती, पण नियम नव्हता. दिल्लीत त्यांनी नियम निर्माण केला.

संविधान आणि मंत्रिमंडळ

पुढे संविधानात या नियमाला पाया मिळाला. सार्वजनिक सेवायोजनात समान संधी देणारा अनुच्छेद १६, अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७, वेठबिगारीस मनाई करणारा अनुच्छेद २३, तसेच समान वेतन, कामाची न्याय्य परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे एकत्र वाचली, म्हणजे गोणपाट, माठ, धोटा आणि वतन यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत नोकऱ्यांतील आरक्षणावर चर्चा झाली. सर्वांना समान संधी हवी हे खरेच, परंतु ज्यांना प्रशासनात आजवर शिरकावच मिळाला नाही त्यांना प्रवेश देण्याची सोयही हवी, आणि या दोहोंचा मेळ घालताना मूळ तत्त्व गिळले जाऊ नये, असे संतुलित स्पष्टीकरण त्यांनी केले.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची उपेक्षा हे त्यामागील प्रमुख कारण सर्वज्ञात आहे. त्याच निवेदनात त्यांनी हेही नमूद केले की, त्यांना एकाच खात्यात ठेवले गेले आणि मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले गेले नाही. ज्याने संविधानाचा मसुदा सिद्ध केला, त्यालाही निर्णयाच्या खोलीबाहेर ठेवता येत होते. समावेशाचा अर्थ केवळ खुर्ची मिळणे नव्हे, निर्णयात वाटा मिळणे होय, हा धडा त्यांच्या राजीनाम्यातून आपण घ्यावयास हवा.

नाव

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी माणसाला लाभापेक्षा इज्जत अधिक मोलाची असते, हा विचार मांडला. त्या विचाराची किंमत पुढील पिढीने प्रत्यक्ष मोजली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरता मार्ग काढला, मात्र केंद्रीय नोकऱ्यांत हा अन्याय १९९० च्या दुरुस्तीपर्यंत कायम राहिला. चौतीस वर्षे आपल्या लोकांसमोर अर्जाच्या एका रकान्यात प्रश्न उभा होता : बौद्ध लिहावे की सवलत घ्यावी? आणि तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ८९ हजार लोकांनी स्वतःची नोंद बौद्ध म्हणून केली. ज्यांना सवलतीसाठी जुने नाव लिहावे लागले, त्यांना आपण दोष देऊ नये. पोटाची आणि ओळखीची अशी ओढाताण ज्या नियमाने केली, तो नियम दोषी होता.

१९१७ साली बडोद्यात छप्पर मिळविण्यासाठी तरुण भीमरावांना दुसऱ्याचे नाव धारण करावे लागले. १९५६ साली नागपुरात त्यांनी आपल्या लोकांना ताठ मानेने उच्चारता येईल असे नाव दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या एकोणचाळीस वर्षांत त्यांनी जे काही केले, त्याचा नोकरीपुरता अर्थ एवढाच की, माणसाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ओळखीसह कामाच्या जागी बसता आले पाहिजे.

महापरिनिर्वाणाच्या काही महिने आधी आग्र्यातील भाषणात शिकल्यासवरल्या नोकरदारांनी समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत त्यांनी व्यक्त केली होती. ती खंत आपल्यालाही उद्देशून आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अधिकारी झाले, व्यवस्थापक झाले, मुलाखत घेणाऱ्या मंडळावर बसले, त्यांनी आपल्या कार्यालयाकडे एकदा बडोद्याच्या नजरेने पाहावे. कंत्राटी सफाई कामगार कोणत्या कपातून चहा पितो? आदिवासी सहकाऱ्याच्या बोलीची नक्कल करून कोण हसते? मुस्लिम सहकाऱ्याला भाड्याचे घर मिळते काय? अपंग उमेदवारास आपल्या इमारतीच्या पायऱ्या चढता येतात काय? स्त्री कर्मचाऱ्याची तक्रार ऐकून घेणारी समिती खरोखर बैठक घेते, की केवळ फलकावर असते? आपल्यावरील अन्यायाची आठवण ठेवणे आवश्यकच आहे. परंतु आपल्या हाती सत्ता आल्यावर दुसऱ्याच्या तहानेकडे दुर्लक्ष झाले, तर ती आठवण व्यर्थ ठरते.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला चांगली नोकरी मिळो, ही सदिच्छा आहेच. त्यासोबत ज्या ठिकाणी ती मिळेल, तेथे आपले पूर्ण नाव स्वच्छ अक्षरांत लिहिण्याचे धैर्य त्यांच्या ठायी असो आणि शेजारच्या माणसासाठी माठाजवळची वाट मोकळी ठेवण्याची करुणाही असो.

जय भीम! नमो बुद्धाय!